हवेपणाचा भाव

त्या दिवशी पद्माक्काचं डोकं फिरलं, त्याला कारण एक जांभई.

जांभई दिली ती एका साखर कारखान्याच्या संचालकांनी. त्यांच्या आईसाहेबांना मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडलं होतं आणि ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं हवं होतं. ड्रायव्हरला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण आले होते स्वतः. काउंटरला रेलून ते फोनवर कुणाशी तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते, आणि मधेच त्यांनी आ वासून ऐसपैस जांभई दिली. काउंटरवरच्या पडद्यावर भाव उमटला, रोज एकशे ऐंशी रुपये. संचालकांनी बोटानं पैसे भरले, मशीन गाडीत गेलं.

गाडी वळते न वळते तोच शबाना जमादार आली. मालगावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी बाई. नवऱ्याची छाती कामातून गेलेली. "आज घरी न्या, पण मशीन असल्याशिवाय नेऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिनं काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. तेच मशीन, त्याच कंपनीचं, त्याच फडताळातलं. पडद्यावर भाव आला, रोज सातशे वीस.

"किती म्हनलं, अक्का?" शबानानं विचारलं.

पद्माक्कानं नुसतं पडद्याकडं बोट केलं. शबानानं घासाघीस केली नाही, कपाळाला हात लावला नाही, काही नाही. पिशवीतून फोन काढला आणि दहा दिवसांचं भाडं भरून टाकलं. एवढंच नव्हे, तर जाताना "उपकार झाले, अक्का" म्हणून गेली. ते 'उपकार' पद्माक्काच्या जिव्हारी लागले.

पद्मावती मगदूम, वय चौपन्न, तोंडाची फटकळ, गुडघ्यांनी अधू. 'मगदूम रुग्णसेवा' हे दुकान तिचं आणि धाकट्या भावाचं, सुकुमारचं. खाटा, वॉकर, पाण्याच्या गाद्या, ऑक्सिजनची मशीनं, सगळं भाड्यानं. आता कुणी म्हणेल, अहो, ज्याला सातशे वीस सांगताना जीभ कचरते त्याला तीनशे सांगा की, दुकान तुमचंच आहे. तिथंच तर सगळी गोम होती. दुकान तिचं होतं, भाव तिचा नव्हता.

भाव होता 'पारख'चा. दीड वर्षापूर्वी 'समतोल' नावाच्या कंपनीनं गल्लीतल्या सातही दुकानदारांना एका हॉलवर बोलावलं. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि कंपनीचा विभागीय व्यवस्थापक, ऋत्विक शेंबेकर नावाचा तिशीच्या आतला देखणा पोरगा, बोलायला उभा राहिला. माल सगळा कंपनीचा, म्हणाला, एकदम नवाकोरा, बिघडला तर चोवीस तासांत बदलून. तुम्ही फक्त भाड्यानं द्यायचा आणि कमिशन घ्यायचं. अट एकच. भाव पारख सांगेल.

पारख म्हणजे नारळाएवढा एक काळा डबा. त्याला एक कॅमेरा, एक माइक. आपलं काळीज एकेकदा आकुंचन पावतं तसं चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि कातडी किंचित लाल होते. इतकी किंचित, की जन्मदात्या आईलाही ते दिसायचं नाही. कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे अंगाला हात न लावता समोरच्याची नाडी कळते. घाबरलेल्या माणसाचा आवाज एका विशिष्ट तऱ्हेनं कापतो, तो माइक टिपतो. नजर मालावर किती वेळ खिळली, दाराकडे किती वेळा गेली, तेही मोजलं जातं. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघतो. कंपनीच्या कागदांत त्याला 'हवेपणाचा अंक' म्हटलेलं. कोट्यवधी सौद्यांवरून पारख शिकलेली होती, की एवढा अंक असलेला माणूस कुठल्या भावाला पाठ फिरवून जातो. त्याच्या बरोब्बर एक पायरी खाली ती थांबायची. या सगळ्याला अकरा सेकंद लागायचे.

"म्हणजे श्रीमंताकडून जास्त, गरिबाकडून कमी," शेंबेकर तेव्हा म्हणाला होता. "आणि सौदा दोन्ही बाजूंना कबूल. यापेक्षा नैतिक धंदा जगात नाही!" आणि बिचारा ते मनापासून म्हणाला होता, हे पद्माक्का आजही नाकारत नव्हती. सातही दुकानदारांनी सह्या केल्या. तिनंही केली. सगळ्यांत आधी केली, कारण सुकुमारला सांगलीला दुसरं दुकान टाकायचं होतं आणि तिला भावाचं भलं व्हावं असं वाटत होतं.

पण पारख खिसा बघत नव्हती, भीती बघत होती. श्रीमंताला ठाऊक असतं, इथं नाही तर पुण्याहून मागवू, म्हणून त्याची नाडी शांत असते. गरिबाला दुसरा दरवाजा नसतो, म्हणून त्याचं काळीज घशात येतं. श्रीमंत जांभई देतो आणि एकशे ऐंशीत सुटतो. हे दीड वर्ष तिच्या नाकासमोर चाललं होतं आणि ती कमिशन मोजत बसली होती. लाज वाटली तिला. संताप आला तो आधी स्वतःचाच.

"सुकुमार, हे यंत्र उतरव," ती म्हणाली.

सुकुमार गाद्यांची थप्पी लावत होता. "करार आहे, अक्का. उतरवलं तर तिसऱ्या दिवशी माल उचलून नेतील. मग त्या शबानाबाईला सातशे वीसला तरी कोण देणार?"

"तिचं आणि त्या साखरवाल्याचं मशीन एकच होतं रे!"

"बाजार आहे. ज्याला जास्त हवं तो जास्त देतो. आपण काय धर्मशाळा काढलीय?"

"धर्मशाळा कोण म्हणतंय? नफा मलाही पाहिजे. पण माणूस किती घाबरलाय ते बघून घ्यायचा नाही मला." तिचा आवाज चढला. "वाटमारीत नि ह्यात फरक काय राहिला? वाटमाऱ्या निदान तोंड झाकून येतो."

सुकुमार परत गाद्यांकडं वळला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याच्या डोळ्यांपुढं सांगलीचं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माक्कानं काउंटरच्या पुढं कापडी पडदा लावला. कॅमेरा पडद्याच्या आत, गिऱ्हाईक बाहेर. बोलायचं नाही, काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. चेहरा नाही, आवाज नाही, आता काय वाचशील? स्वतःच्या अकलेवर ती जाम खूश होती. चार दिवस भाव खरोखरच खाली राहिले. पाचव्या दिवशी परत चढायला लागले. एका म्हाताऱ्यानं बायकोसाठी पाण्याची गादी मागितली, भाव तिप्पट. एक पोरगी बापासाठी खाट न्यायला आली, भाव चौपट. पडदा जागच्या जागी, माणूस पडद्यामागं, आणि तरी यंत्राला कळतंय! पद्माक्का चक्रावली. तिनं शेंबेकरला फोन लावला.

"अहो मॅडम, ती नवीन सुधारणा झालीय ना," तो उत्साहानं म्हणाला. "गिऱ्हाईक दिसत नसेल तर पारख दुकानदाराकडं बघते. म्हणजे तुमच्याकडं. तुमची रीडिंगं तर फार सुंदर येतात! समोरच्याची परिस्थिती पाहून तुमच्यात जो बदल होतो ना, तो त्याच्या स्वतःच्या नाडीइतकाच अचूक आहे."

पद्माक्कानं फोन ठेवला आणि खुर्चीत बसली ती बसलीच. पडद्याच्या फटीतून ती त्या म्हाताऱ्याचे हात बघत होती. तिला कळवळा आला होता, आणि त्या कळवळ्याचा भाव म्हाताऱ्यानं मोजला होता. तिला रडू फुटलं. मग रडण्याचाही राग आला, कारण डबा समोरच होता आणि तेही वाचत होता मेला.

त्या दुपारी तिला आप्पांची, म्हणजे वडिलांची, बैलखरेदी आठवली. आप्पा शेतकरी होते आणि बैलावर त्यांचा भारी जीव. चांगलं खोंड दिसलं की चेहरा असा खुलायचा, की विकणारा तिथंच भाव वाढवायचा. म्हणून त्यांच्या गावची रीतच होती, ज्याला बैल हवा त्यानं बाजारात तोंड उघडायचं नाही. आप्पांचा सौदा शेजारचे दादू खोत करायचे आणि दादू खोतांचा आप्पा. दादूकाका टॉवेलाखाली बोटं धरून भाव करत असताना आप्पा पाच जनावरं पलीकडं कुणाच्या तरी म्हशीकडं बघत उभे राहायचे. दुसऱ्याच्या बैलासाठी काळीज धडधडत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

पद्माक्कानं पडदा काढून टाकला. दुकानाबाहेर कडुनिंबाखाली दोन बाकं टाकली. मग तिथं येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायला लागली. "इथं बसा. ओळखी करून घ्या. तुमचं काय ते त्यांना सांगा, त्यांचं काय ते तुम्ही ऐका. आत येताना स्वतःसाठी येऊ नका, शेजारच्यासाठी या. आणि कुणासाठी आलात ते भाव ठरेपर्यंत मला अजिबात सांगू नका, नाव-पत्ता मागनं सांगा. मला कळलं की त्या डब्याला कळतंय."

पहिल्यांदा माणसं बिचकली. अनोळखी माणसाच्या हाती पैसे भरायला आपला फोन कोण देणार? पण चार लोकांचं काम झालं आणि पाचवा आपणहून बसला. जतची वंजारीण बाई बेळगावच्या मास्तरांसाठी ऑक्सिजन मशीन घ्यायची आणि मास्तर तिच्या सासूसाठी खाट. बाई आत यायची ती इकडंतिकडं बघत, "हे काय ते मशीन? बरंच की दिसायला!" म्हणत. पारख अकरा सेकंद तिचा चेहरा चाचपायची आणि बापडी एकशे ऐंशी सांगायची. बाहेर बाकावर मास्तर देवाचा धावा करत बसलेले असायचे, पण तिथं कॅमेरा नव्हता. शबानाचे दहा दिवस संपले तेव्हा तिची मुदत एका रिक्षावाल्यानं वाढवली. तो पानाची पिचकारी मारून आत आला होता. शबाना बाहेर ओठांवर पदर दाबून हसत होती.

आठवडाभरात उरलेल्या सहा दुकानांतली गिऱ्हाइकंही मगदूमांच्या बाकावर येऊन बसू लागली. गंमत म्हणजे भाव खाली येऊनही पद्माक्काचं कमिशन फार घटलं नाही, माणसंच दुप्पट झाली. सुकुमारच्याही हे ध्यानात आलं. तिसरं बाक त्यानंच आणलं.

महिना भरायच्या आत शेंबेकर आला. या खेपेला उत्साह नव्हता. त्यानं टॅबलेट उघडून काउंटरवर ठेवला.

"मॅडम, आमच्या नोंदींप्रमाणं तुमच्या दुकानात आता कुणालाच कशाची गरज नाही. मिरजेत माणसं आजारी पडायची थांबलीत का?"

"देवाची कृपा," पद्माक्का म्हणाली.

"ही फसवणूक आहे."

"कुणाची? मशीन गेलं, भाडं आलं. भाव तुमच्याच डब्यानं सांगितला, आम्ही एक पैसा कमी दिला नाही. दोन्ही बाजूंना कबूल असलं की सौदा नैतिक, हे तुम्हीच वडे खाताना सांगितलं होतंत."

शेंबेकरनं कपाळावरचा घाम पुसला. "तुम्हाला वाटतं मी राक्षस आहे. मी नाही. उद्या समतोलनं पारख बंद केली तर परवा दुसरी कंपनी आणेल, आणि तिचा नफा जास्त असल्यामुळं भांडवल तिच्याकडं जाईल. आम्ही बुडू. बाजारात चांगलं राहणं कुणाला परवडत नाही, मॅडम. हा माझा दोष नाही, तुमचा नाही, कुणाचाच नाही."

"असं कसं कुणाचाच नाही?" पद्माक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शबानानं सातशे वीस भरले ते कुणी घेतले? वाऱ्यानं? भाडं तुम्ही घेतलं आणि कमिशन मी घेतलं. माझा दोष आहे, मी म्हणते आहे! तुमचाही आहे. बाजार म्हणजे कोण कुठला देव लागून गेला नाही. तुम्ही नि मी मिळूनच बाजार होतो."

शेंबेकरनं टॅबलेट स्वतःकडं वळवला. मग हळूच म्हणाला, "कंपनी वाद घालायला मला पाठवत नाही. दुकान विकत घ्यायला पाठवलंय. दुकान, नाव, आणि आत्ता ज्यांच्या घरी तुमची मशीनं चालू आहेत त्या एक्केचाळीस पेशंटांची यादी, कारण आमच्या नोंदीत भलत्यांचीच नावं आहेत. पुढची मुदत त्यांनी थेट त्यांच्या फोनवरून वाढवायची."

म्हणजे घरात, पेशंटच्या उशाशी, फोनच्या कॅमेऱ्यासमोर. तिथं बाक नव्हतं आणि शेजारचा माणूसही नव्हता.

"किती देणार?" हे सुकुमारनं विचारलं.

"ते मी ठरवत नाही," शेंबेकर म्हणाला आणि त्यानं टॅबलेट तिच्या तोंडासमोर उभा केला.

पडद्यावर आकडे चढू लागले. वीस लाख. पंचवीस. तीस. पद्माक्का दगडासारखी बसली. घ्या काय वाचायचं ते, तिनं मनात म्हटलं, माझ्यात काही नाही वाचण्यासारखं. चाळीस. पंचेचाळीस. बावन्न. आणि मग, का कोण जाणे, तिच्या डोळ्यांपुढं लिफ्ट आली. सांगलीत दोन खोल्या, लिफ्ट असलेल्या. जिना चढायचा नाही. सकाळी आठपर्यंत झोपायचं. गुडघ्यांचं ऑपरेशन. सुकुमारचं दुकान, त्यावर त्याच्या नावाची पाटी. तिनं ते चित्र ढकललं, पण ते आलं होतं. आकडा चौसष्टवर थांबला आणि हिरवा झाला.

सुकुमार आकड्याकडं बघत होता, मग अक्काकडं. तिच्या कानशिलांत रक्त ठणकत होतं, ते तिचं तिलाच ऐकू येत होतं.

"पारख चुकत नाही," शेंबेकर अगदी मऊ आवाजात म्हणाला. "चौसष्ट लाखांना तुमचा होकार आहे, मॅडम. यात लाजण्यासारखं काही नाही. प्रत्येकाचा असतो."

"बरोबर आहे तुमच्या डब्याचं," पद्माक्का म्हणाली. "मला हवेत ते पैसे. फार हवेत. खोटं कशाला सांगू?"

शेंबेकरनं सहीसाठी टॅबलेट पुढं केला.

"नको."

"काय नको?"

"सही नको. पैसे नकोत. दुकान देत नाही."

"पण आत्ता तुम्हीच म्हणालात..."

"हवेत म्हणाले. देते म्हणाले का?" ती काउंटरला धरून उठली. "हवंसं वाटणं माझ्या हातात नाही, शेंबेकर. ते वाचा तुम्ही खुशाल. पण हो म्हणायचं का नाही, ते मी ठरवते. तुमच्या डब्याला हवेपण कळतं, होकार कळत नाही. दोन्ही एकच आहेत असं समजून तुम्ही सगळी कंपनी काढलीत!"

शेंबेकरनं सुकुमारकडं पाहिलं. "तुमची निम्मी भागीदारी आहे. तुम्ही तरी समजवा. नाहीतर सोमवारी माल जाईल."

पद्माक्कानं भावाकडं पाहिलं नाही. त्याचं तो ठरवेल, तिनं मनाशी म्हटलं, पण हात काउंटरवर घट्ट आवळले होते. आयुष्यात तिला कशाची भीती वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली. चौसष्ट लाख गेले तर गेले. भाऊ जायला नको होता.

सुकुमार स्टूल ओढून त्यावर चढला. पारखची वायर काढली, डब्याचे आणि काउंटरवरच्या पडद्याचे स्क्रू सोडवले आणि तो काळा डबा शेंबेकरच्या हातात दिला.

"सोमवारपर्यंत कशाला थांबता?" तो म्हणाला. "टेम्पो आत्ता बोलवा. फडताळातला माल भरून देतो. लोकांच्या घरातला मात्र मुदत संपेपर्यंत हलायचा नाही, तुमच्याच करारात आहे. आणि यादी अक्काच्या डोक्यात आहे, तिथनं काढून दाखवा."

संध्याकाळपर्यंत फडताळं रिकामी झाली. माल भरायला बाकावरची माणसंही आली, आणि शेंबेकरला कुणीतरी चहाही दिला. उरल्या त्या माळ्यावरच्या मगदूमांच्या स्वतःच्या जुन्या खाटा, सात वॉकर आणि दुरुस्तीला पडलेली नऊ मशीनं. सुकुमार एक मशीन उघडून जमिनीवर फतकल मारून बसला. एक्केचाळीस घरांतल्या मुदती एकेक करून संपत जाणार होत्या, आणि तोपर्यंत चाळीसभर मशीनं कुठून उभी करायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आली. कानात हिऱ्यांच्या कुड्या, हातात गाडीची किल्ली. "वॉकर आहे का? सासऱ्यांसाठी. रोजचे किती?"

पद्माक्कानं सवयीनं काउंटरवरच्या पडद्याकडं बघितलं. तिथं आता स्क्रूंची नुसती भोकं होती. दीड वर्षात तिनं स्वतःच्या तोंडानं भाव सांगितला नव्हता. ती थोडी अडखळली. वॉकर कितीला पडला, किती वर्षं टिकेल, दुरुस्तीला काय जाईल, हे तिनं मनात मांडलं. त्यावर स्वतःचा नफा धरला, चांगला व्यवस्थित धरला, पोट होतं तिला. समोरच्या बाईंच्या कुड्या तिनं त्यात धरल्या नाहीत.

"तीस रुपये," ती म्हणाली.

"तीस? शेजारच्या दुकानात मला बारा सांगितले."

"सांगतील. तुम्हाला काही घाई दिसत नाही."

"मग इथं तीस का?"

"इथं सगळ्यांना तीस."

बाईंनी नाक मुरडलं. "जरा कमी करा की, बाई."

"नाही व्हायचं," पद्माक्का म्हणाली. "न्यायचा असला तर न्या."